जायंट्स कॉजवे: बाबांना घेऊन जावं का? आणि त्या राक्षसाची गोष्ट खरी कुठली?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. जूनमध्ये धाकट्या भावाकडे डब्लिनला चाललोय. मी, बाबा आणि माझा चौथीतला मुलगा. भावाला मधल्या आठवड्यात एकच दिवस सुट्टी आहे आणि त्या दिवशी तो आम्हाला गाडीने उत्तर आयर्लंडमधल्या जायंट्स कॉजवेला न्यायचं म्हणतोय. समुद्रकाठचे ते षटकोनी दगडी खांब. फोटो सुंदर आहेत, प्रश्नच नाही. पण जाऊन-येऊन सहा-सात तास गाडीत जाणार. बाबा ७४ वर्षांचे, गुडघे कुरकुरतात, पायऱ्या म्हटलं की चेहरा पडतो.

त्यात आणखी एक भानगड. बाबांच्या व्हॉट्सॅप गटावर कोणीतरी याच दगडांचा फोटो टाकलाय. ‘निसर्गात सरळ रेषा नसते, हा प्राचीन संस्कृतीने बांधलेला सेतू आहे, शास्त्रज्ञ लपवतात’ वगैरे वगैरे. बाबा पीडब्ल्यूडीतून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेत. एरवी असल्या फॉरवर्डला ते भीक घालत नाहीत, पण फोटो मोठा करून करून बघितला आणि म्हणाले, ‘इतके घट्ट सांधे गवंड्याशिवाय बसत नाहीत.’ चिरंजीवांनी कुठलंसं कार्टून बघितलंय, त्यामुळे त्यांना हे राक्षसानेच बांधलेलं हवंय. मी दोघांच्या मधे.

तर गुडघेवाल्या माणसाला तिथे कितपत बघता येतं? ती राक्षसाची गोष्ट जुनी आहे की पर्यटकांसाठी रचलेली? आणि हे खांब कसे झाले ते ओव्हरसियरला पटेल असं कोणी सांगू शकेल का?

बोरीबंदरकर

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. आम्ही डब्लिनहून एका दिवसाच्या बससहलीने गेलो होतो. दीड तास दिला होता. त्यातला बराच स्वच्छतागृहाच्या रांगेत गेला, उरलेला पावसात. दगड आहेत, षटकोनी आहेत, बघितले, बसमध्ये बसलो. हरिहरेश्वरला प्रदक्षिणेच्या वाटेवर उतरलं तर मला याहून जास्त मजा येते. बाबांना डब्लिनमध्येच आरामात फिरवा.

जांभ्यावरची

बोरीबंदरकर, दीड तासात तिथे धड भिजूनही होत नाही हो! बसवाल्यांचं ते वेळापत्रक मला माहीत आहे. माणसं खाली जातात, पहिल्या उंचवट्यावर फोटो काढतात, परत वर येतात. खरा कॉजवे त्याच्या पुढच्या वळणावर सुरू होतो.

मी मूळची रत्नागिरीची, आता कोलरेनला असते. इथून कॉजवे गाडीने वीस-पंचवीस मिनिटांवर, त्यामुळे भारतातून कोणीही आलं की त्याला तिथे न्यायचं खातं माझ्याकडे. सासूबाईंना नेलंय, गुडघ्यांचं ऑपरेशन झालेल्या मावशीला नेलंय, पोटुशी वहिनीसुद्धा जाऊन आली.

आधी गुडघे. गाडी लागते ती वर, अभ्यागत केंद्रापाशी. तिथून दगडांपर्यंत डांबरी उताराचा रस्ता, एक किलोमीटरहून कमीच. उतरताना काही वाटत नाही, चढताना बाबा तुम्हाला बोल लावतील. म्हणून वर-खाली करणारी छोटी बस आहे, थोडे पैसे पडतात, निदान परतीला ती घ्या. दगडांना तिकीट नाही, समुद्र कोणी कुंपणात घातलेला नाही. पैसे पडतात ते पार्किंगचे आणि केंद्राच्या आतल्या प्रदर्शनाचे. कड्यावरून जाणारी वाट आणि तिथल्या ‘शेपर्ड्स स्टेप्स’ नावाच्या १६२ पायऱ्या बाबांसमोर उच्चारूसुद्धा नका. खाली पोचल्यावर बसायला खांबांइतकी चांगली जागा नाही, कुठल्याही उंचीचं स्टूल मिळतं. फक्त मुलाला एक सांगून ठेवा: पाण्याजवळचे दगड काळे दिसतात, तिकडे पाय टाकायचा नाही. ते शेवाळलेले असतात आणि अटलांटिकची लाट कोकणातल्या लाटेसारखी सांगून येत नाही. वरचे करडे-पिवळसर, दगडफुलाचे डाग पडलेले खांब सुरक्षित.

आता राक्षस.

आयरिश बाजूला फिन मॅकूल नावाचा धिप्पाड गडी. समुद्रापलीकडे स्कॉटलंडमध्ये तसाच एक, बेनँडॉनर. दोघं किनाऱ्यावर उभे राहून एकमेकांना शिव्या घालायचे. शेवटी फिनने ‘ये मग समोर’ म्हणून दगडांचे खांब समुद्रात ठोकत ठोकत रस्ताच बांधला. (काही जण सांगतात, बांधला आणि दमून झोपला.) पलीकडून बेनँडॉनर चालत येताना दिसला तेव्हा फिनच्या लक्षात आलं की हा आपल्या दुप्पट आहे. पळत घरी आला, बायकोच्या पदराआड. बायको ऊना. तिने एक शब्द न बोलता नवऱ्याला अंगडं-टोपडं चढवलं, पाळण्यात घातलं आणि भाकऱ्या थापायला बसली. काही भाकऱ्यांच्या पोटात लोखंडी तवे घातले. पाहुणा दारात आला तर म्हणाली, ‘हे बाहेर गेलेत, येतीलच. बसा, भाकरी खा.’ त्याने चावा घेतला, दोन दात पडले. ‘अगं बाई, आमचं बाळ तर रोज खातं,’ असं म्हणून तिने साधी भाकरी पाळण्यात दिली. बाळाने मचमच करत संपवली. बेनँडॉनरने पाळण्यात डोकावून बघितलं, दाढीमिशीच्या वयाचं ते बाळ, आणि हिशोब केला: पोर एवढं, तर बाप केवढा? जो पळाला तो मागचा रस्ता उखडत पळाला, फिन पाठलाग करू नये म्हणून. म्हणून आज खांब या टोकाला आहेत आणि त्या टोकाला आहेत, मधे नाहीत.

केंद्रातल्या पडद्यावर ही गोष्ट दाखवतात, पण त्यात फिनचाच तोरा जास्त. माझ्या मते गोष्ट ऊनाची आहे. रस्ता बांधणाऱ्याने संकट ओढवलं आणि भाकरी थापणारीने ते घालवलं. सासूबाईंना मी खाली दगडावर बसवून हीच गोष्ट सांगितली तेव्हा त्या एवढ्या हसल्या की शेजारचं जर्मन कुटुंब चौकशी करायला आलं.

जुनी की नवी, याचं उत्तर दोन्ही. जुन्या आयरिश कथांमध्ये फिन राक्षस नाहीच. तो फियाना नावाच्या लढवय्यांच्या टोळीचा नायक, शिकारी, कवी. लहानपणी ज्ञानाचा सामन मासा भाजताना त्याचा अंगठा पोळला, तो तोंडात घातला आणि त्याला सगळं कळू लागलं. पुढे अडचण आली की तो अंगठा चोखायचा. हा मध्ययुगीन फिन. लोकांच्या तोंडी शतकानुशतकं फिरता फिरता तो उंच होत गेला आणि थोडा बावळटही. भाकरीची गोष्ट एकोणिसाव्या शतकात छापली गेली तेव्हा ती टायरोन काउंटीतल्या नॉकमनी टेकडीवर घडत होती. समुद्रापासून आत. फिन कॉजवेवर कामाला आलेला असतो आणि प्रतिस्पर्ध्याची वार्ता ऐकून घरी पळतो. त्या आवृत्तीत प्रतिस्पर्धी स्कॉटिश नाही, त्याचं नाव कुकुलिन, आणि ऊना एकवीस तवे वापरते. शिवाय एक खाशी युक्ती आहे. ती बाळाला चक्का देते आणि पाहुण्याला पांढरा दगड: ‘पिळून पाणी काढून दाखवा!’ बाळ काढतं, पाहुणा घामाघूम. ही युक्ती आता पर्यटकांना कोणी सांगत नाही, का कोण जाणे. मुलाला नक्की सांगा.

आपल्याकडे नाही का, जे कोणाच्या बापाला जमणार नाही ते पांडवांनी एका रात्रीत केलं आणि कोंबडा आरवला म्हणून अर्धवट राहिलं. तशीच ही. फक्त इथे काम अर्धवट राहायला कोंबड्याऐवजी बायकोची अक्कल लागली.

आणि त्या ‘पलीकडच्या टोकाला’ खरंच खांब आहेत बरं का! स्कॉटलंडच्या पश्चिमेला स्टॅफा नावाचं बेट आहे, त्यात फिंगलची गुहा. फिंगल म्हणजे आपला फिनच. तीच घडण, तसेच काळे खांब. ज्या कोळ्यांनी दोन्ही किनारे बघितले असतील त्यांनी मधला रस्ता कल्पनेने जोडला, यात मला काही भाबडं वाटत नाही. दोन्हीकडचा लाव्हा एकाच प्रवाहातला नसला तरी ज्वालामुखींचं पर्व एकच. उत्तर अटलांटिक महासागर फाकायला लागला त्या वेळचं, साधारण ६ कोटी वर्षांपूर्वीचं.

खांबांवर फोटो झाले की बरेचसे लोक परततात. तुम्ही पुढच्या खाडीत, पोर्ट नॉफरला जा. तिथे वाळूत ‘राक्षसाचा बूट’ पडलाय, मुलाच्या छातीपर्यंत येईल एवढा. मागे कड्यात ‘ऑर्गन’, म्हणजे चर्चमधल्या बाजाच्या नळ्यांसारखे उभे खांब, जवळजवळ १२ मीटर उंच. आणि मान वर केलीत की कड्याच्या मधोमध एक तांबडा पट्टा आडवा गेलेला दिसेल. पहिल्यांदा बघितला तेव्हा मी नवऱ्याला म्हटलं, ‘अरे हा जांभा!’ तो म्हणाला तुला सगळीकडे रत्नागिरीच दिसते. पण आहे तो जांभाच. लाव्ह्याचा पहिला लोंढा येऊन गेला, मग फार मोठा काळ ज्वालामुखी गप्प होते. हवा उबदार आणि दमट होती, आजच्या आयर्लंडच्या अगदी उलट. त्या पावसापाण्यात वरचा कातळ कुजला, लोह उरलं, तांबडी माती झाली. मग पुन्हा लाव्हा आला आणि त्या मातीवर बसला. आपल्याकडे जांभा माथ्यावर असतो, सडा म्हणून त्यावर आपण चालतो. इथे तो दोन काळ्या थरांमध्ये चेपलाय. एकोणिसाव्या शतकात अँट्रिममधल्या (कॉजवे ज्या काउंटीत आहे ती) या थरातून लोखंडाचं खनिज आणि बॉक्साइट काढायचे. पट्ट्यात जागोजाग गोल गोल डोळ्यांसारखे दगड दिसतात, त्यांना ‘राक्षसाचे डोळे’ म्हणतात. कातळ कुजताना कांद्यासारखे पापुद्रे सुटत जाऊन मधला गाभा उरतो, ते हे.

खांब सहाबाजूंनीच का फुटतात ते मी सांगायला गेले तर माती करीन. कातळवेडा काका इथे असतात, त्यांना हाक मारा.

कातळवेडा

हाक ऐकली! कोल्हापूरला भूशास्त्र शिकवत होतो, आता निवृत्त. तुमच्या वडिलांचा प्रश्न उत्तम आहे आणि त्यांना सांगा की तो ३०० वर्षं जुना आहे. १६९३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे या जागेची माहिती पहिल्यांदा गेली तेव्हा वाद हाच होता: हे माणसांनी छिन्नी-हातोड्याने केलं, निसर्गाने केलं, की राक्षसाने? १७४० च्या सुमारास सुझाना ड्रुरी या आयरिश चित्रकर्तीने त्याची फार बारकाईने चित्रं काढली. त्यांची छापील चित्रं युरोपभर गेली आणि फ्रान्समधले ज्वालामुखीचे खडक पाहिलेल्या निकोला देमारेने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सांगितलं की हा थंड झालेला लाव्हा आहे. तरी समुद्राच्या पाण्यातून स्फटिकासारखे हे खांब निपजले असं मानणारे विद्वान बरीच वर्षं भांडत होते. तेव्हा व्हॉट्सॅपवाल्यांना फार हिणवू नका, ते जरा उशिरा आले एवढंच.

ओव्हरसियर साहेबांसाठी असं सांगतो. नदीचं खोल खोरं लाव्ह्याने भरलं. साचलेला लाव्हा वरून हवेने आणि खालून जमिनीने थंड होऊ लागला. थंड झाला की आकसणार. पण तो चहूबाजूंनी अडकलेला, आकसायला जागा नाही. मग ताण येतो आणि भेगा पडतात. उन्हाळ्यात आटलेल्या तळ्यातला चिखल भेगाळतो तेच, फक्त चिखल वरच्या वर भेगाळून थांबतो आणि इथे थंडावा जसजसा आत शिरत गेला तसतशी भेगही आत आत उतरत गेली. त्यामुळे भेगेची भिंत झाली आणि भिंतींमधला भाग खांब. ताण सगळीकडे सारखा असेल तर तीन भेगा एका बिंदूत साधारण १२० अंशांनी भेटतात, कमीत कमी भेगेत जास्तीत जास्त ताण मोकळा होतो, आणि त्यातून षटकोन येतो. सावकाश थंड झालं तर खांब जाड, भराभर झालं तर बारीक. मक्याचं पीठ पाण्यात कालवून दिव्याखाली वाळवलं तरी असेच छोटे खांब मिळतात, शाळेच्या प्रयोगाला छान आहे. लिव्हरपूल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये आइसलंडचा बेसॉल्ट तापवून दाखवलं की या भेगा ८४० ते ८९० अंश सेल्सिअसला पडतात. म्हणजे दगड घट्ट झाल्यावर लगेच, अजून लालभडक असताना.

आणि गवंडी नव्हता याचा पुरावा तिथेच पायाखाली आहे. साहेबांना बाजू मोजायला लावा. सुमारे ४०,००० खांब आहेत. बहुतेक सहाबाजू, पण पाच आणि सात बाजूंचे भरपूर, अधूनमधून चार आणि आठही. साचा एक असता तर हा घोळ झाला नसता. दुसरं, खांब आडवे तुटलेत ते सपाट नाहीत. एकाचा माथा वाटीसारखा खोलगट, तर दुसऱ्याचा फुगीर, वाटीत वाटी बसावी तसे. खोलगट माथ्यांत पावसाचं पाणी साचलेलं दिसतं. तिसरं, हेच खांब मागच्या कड्याच्या पोटात शिरलेत. कड्यात खालचे खांब सरळ आणि त्यांच्यावर वेडेवाकडे, बारीक, दिशा नसलेले. तिथे पाणी वरून झिरपून लाव्हा भराभर थंड झाला असावा, असा कयास आहे. कुठला कंत्राटदार पायात देखणं काम करून वर असा ढिगारा ठेवील?

बोरीबंदरकरांना एक: हरिहरेश्वर मलाही प्रिय, पण तिथे लाटांनी कोरलेला कातळाचा ओटा आहे, खांबांची गोष्ट वेगळी. खांब बघायचे तर आपल्याकडे अंधेरीची गिल्बर्ट हिल आहे, साठेक मीटर उंच, माथ्यावर गावदेवीचं देऊळ आणि पायाशी इमारतींचा गराडा. दख्खनचा लाव्हा साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, म्हणजे अँट्रिमच्या थोडा आधीचा. समुद्रात उभे खांब हवे असतील तर कर्नाटकात मलपेच्या समोरचं सेंट मेरीज बेट. ते मात्र दख्खनचं नाही, त्याहून जुनं, मादागास्कर आपल्यापासून तुटलं त्या काळातलं. तिथली दंतकथा वास्को द गामाची, तो १४९८ मध्ये तिथे उतरला म्हणतात. राक्षस बरा, असं माझं वैयक्तिक मत.

गोदाकाठ

किती दिलंत तुम्ही! बाबांनी दोन्ही उत्तरं मोठ्याने वाचून घेतली. कातळवेडा काकांच्या शेवटच्या मुद्द्यावर थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले, ‘पाच बाजूंचा खांब आणि वर ढिगारा? मी तर बिल पासच केलं नसतं.’ म्हणजे पटलं. आता तेच गटावर खरडतायत. चिरंजीव मात्र चक्का पिळून दाखव म्हणून मागे लागलेत.

जांभ्यावरची ताई, उत्तर आयर्लंडसाठी वेगळा व्हिसा लागतो का? भाऊ म्हणतो सीमेवर कोणी विचारत नाही. आणि वाटेत बाबांना आवडेल असं आणखी काही?

जांभ्यावरची

कोणी विचारत नाही हे खरं, पण उत्तर आयर्लंड युनायटेड किंग्डममध्ये येतं आणि विचारलं तर कागद हवा. भारतीय पासपोर्टवाल्यांना ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना आहे. छोट्या मुक्कामाच्या आयरिश व्हिसावर ‘बीआयव्हीएस’ असा शेरा असेल तर त्याच व्हिसावर इकडे येता येतं. तिघांचेही व्हिसा हातात आले की तो शेरा आधी बघा. भावाच्या भरवशावर राहू नका, भाऊ तिथला रहिवासी आहे, त्याचे नियम वेगळे.

ओव्हरसियर काकांसाठी वाटेत बरंच आहे. बुशमिल्स गावातून कॉजवेकडे छोटी आगगाडी जाते. २००२ पासून ती पर्यटकांसाठी चालते, पण ज्या मार्गावरून जाते तो जुन्या विजेवरच्या ट्रामचा. ती ट्राम १८८३ मध्ये पोर्टरशहून बुशमिल्सपर्यंत सुरू झाली, १८८७ मध्ये कॉजवेपर्यंत आली, आणि तिची वीज बुश नदीच्या पाण्यावर तयार व्हायची. १८८३! ट्राम १९४९ मध्ये बंद पडली. गाडी रोज नसते, तुमच्या तारखेला आहे का ते आधी बघून घ्या. काका खुश होतील आणि पोरगंही.

कॉजवेवर उभे राहून पूर्वेला बघितलं की कड्याच्या टोकावर सुटे खांब दिसतात, ‘धुराडी’ म्हणतात त्यांना. स्पॅनिश आरमाराच्या जहाजाने अंधारात तो डनलूसचा किल्ला समजून त्यावर तोफा डागल्या अशी इथली आख्यायिका. तोफांचं सोडा, जहाज मात्र खरंच फुटलं. जिरोना त्याचं नाव, ऑक्टोबर १५८८, लकाडा पॉइंटच्या खडकांवर. जहाजावर सुमारे १३०० माणसं कोंबलेली होती, कारण आधी बुडालेल्या जहाजांमधली माणसंही त्यांनी वर घेतली होती. हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी वाचली. जवळच्या खाडीचं नाव आजही पोर्ट ना स्पॅन्या आहे, स्पॅनिश लोकांची खाडी. बेल्जियन पाणबुड्या रोबेर स्तेनुई या नावाचाच माग काढत तिथे पोचला आणि १९६७ मध्ये त्याला जहाजाचे अवशेष सापडले. इतकी वर्षं लोक दुसरीकडे शोधत होते आणि पत्ता कोळ्यांच्या तोंडी तसाच होता. त्यातलं सोनं बेलफास्टच्या अल्स्टर म्युझियममध्ये आहे. माणकं जडवलेली सोन्याची एक छोटी पाल आहे, पंख असलेली. मला ती कॉजवेइतकीच आवडते. परतीच्या वाटेवर थांबायचं असेल तर संध्याकाळी पाचच्या आत पोचा आणि सोमवार टाळा. नाहीतर सकाळीच बेलफास्टला थांबून पुढे या, कॉजवे जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेडात असतो. मी पाहुण्यांना नेहमी संध्याकाळीच नेते. बसेस गेलेल्या असतात आणि ऊन तिरपं पडलं की खांबांच्या बाजू सुट्या सुट्या दिसतात.

एक हात जोडून विनंती, काकांना आणि मुलालाही. खांबांच्या फटींमध्ये तुम्हाला नाणी ठोकलेली दिसतील. कोणीतरी ठोकलं म्हणून पुढचा ठोकतो. आपल्याला तर पुलावरून गाडी गेली की खिशात हात घालायची सवय आहे, इथे नको. नाणं गंजतं, फुगतं, फटीच्या कडा फोडतं आणि तांबडे ओघळ सोडतं. जागा सांभाळणाऱ्या नॅशनल ट्रस्टने २०२५ मध्ये सांगितलं की ती नाणी काढायलाच ३० हजार पौंडांहून जास्त खर्च येईल. सासूबाई पर्स उघडत होत्या तेव्हा मी त्यांना म्हटलं, ‘ऊनाला नाणं नको, भाकरी ठेवा.’ तर त्यांनी पर्समधून खरंच दशमी काढली! ती आम्हीच खाल्ली, समुद्रपक्षी टपून बसले होते.

छत्री आणू नका, इथला वारा ती उलटी करून देतो. टोपीवाला पावसाळी कोट घ्या. बाबांना चामड्याच्या सोलचे बूट नकोत, रबरी सोलचेच द्या, जुने असले तरी चालतील. आणि निघायच्या आदल्या दिवशी मला इथेच निरोप टाका, भरतीची वेळ बघून सांगते. ओहोटीला आलात तर बुटापर्यंत सहज पोचाल.

बोरीबंदरकर

बूट? आम्हाला कोणी बूट दाखवलाच नाही.